कारणाचा रकाना

३ जून २०२४ला, लोकसभा निवडणुकीच्या एक्झिट पोलनंतरच्या सोमवारी, सेन्सेक्स २,५०७ अंकांनी चढला. दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली आणि तोच सेन्सेक्स सुमारे ४,३९० अंकांनी कोसळला. शुक्रवारी, ७ तारखेला, तो सोमवारच्याही वर बंद झाला. त्या मंगळवारी कितीतरी जणांनी हातातले चांगले शेअर मिळेल त्या भावाला विकून टाकले. काहींनी मात्र आधी ठरवलेली पातळी आली म्हणून विकले. दोघांचा तोटा कदाचित सारखाच असेल. पण पहिल्याने भीतीपोटी विकलं आणि दुसऱ्याने स्वतःला दिलेला शब्द पाळला. हा फरक खात्यात कुठेच उमटत नाही.

सौदा झाला की चोवीस तासांत ब्रोकरकडून कॉन्ट्रॅक्ट नोट येते. ऑर्डर किती वाजता दिली, भाव काय मिळाला, दलाली किती, एसटीटी किती, सगळं तिच्यात असतं. पण तो सौदा का केला, याला तिच्यात रकाना नसतो. तो ज्याचा त्यानेच भरायचा, आणि तोही सौद्याच्या आधी. नंतर भरायला बसलं की मन सोयीची कारणं पुरवतं. इंट्राडेसाठी घेतलेला शेअर पडला की आपण तो डिलिव्हरीत वळवतो आणि मुळात लाँग टर्मसाठीच घेतला होता, असं स्वतःला पटवतो. स्टॉप लॉस आणखी थोडा खाली सरकवतो. पडत्या भावात पुन्हा खरेदी करून अ‍ॅव्हरेज करतो. आणि नफा दिसला की मात्र तो निसटेल या धास्तीने घाईने विकतो.

टेरन्स ओडीन या अभ्यासकाने अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची १०,००० खाती तपासली आणि १९९८मध्ये निष्कर्ष मांडले. तिथेही हेच दिसलं. लोक नफ्यातले शेअर लगेच विकतात, तोट्यातले धरून बसतात. पुढच्या वर्षभरात विकलेलेच शेअर, धरून ठेवलेल्यांपेक्षा, सरासरीने जास्त वाढले होते. विकेपर्यंत तोटा कागदावरच आहे, असं आपल्याला वाटत राहतं. विकणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि आपण सगळ्यात जास्त टाळतो ते हेच.

सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अहवालानुसार तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. मला त्याच अहवालातली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. तोट्यातल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक सलग दोन वर्षं तोटा होऊनही थांबले नाहीत. गेलेले पैसे बाजाराकडूनच वसूल करायचे, या जिद्दीने ते पुन्हा उतरतात. यांच्यातल्या कितीजणांच्या घरी हा तोटा ठाऊक असेल? मुलांच्या शिक्षणाची ठेव मोडलेली असते, पर्सनल लोन काढलेलं असतं, आणि घरात मात्र ‘चाललंय ठीक’ एवढंच कळतं.

म्हणून एक साधी वही करावी. बाजार सव्वानऊला उघडण्याआधी तिच्यात लिहावं : हा शेअर का घेतोय, किती रकमेचा, कोणत्या भावाला आपण चुकलो असं मानून बाहेर पडायचं. लिहिलेला आकडा बाजार चालू असताना बदलायचा नाही. मोठा फटका बसला की त्या दिवशी पुढचा सौदा नाही. नियम मोडून नफा झाला, तरी नियम मोडला अशीच नोंद करावी. असा नफा फार घातक असतो, पुढच्या वेळी तो दुप्पट रक्कम लावायला लावतो.

आणि महिन्यातून एकदा ती वही कॉन्ट्रॅक्ट नोटांसह घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवावी, बायकोला, नवऱ्याला किंवा थोरल्या भावाला. ऐकणाऱ्याला बाजारातलं काही कळलं नाही तरी चालेल. ‘मग ठरलं होतं तेव्हा का नाही विकलंस?’ एवढा प्रश्न त्याला नक्की विचारता येतो.