अंगणवाडीच्या भेटीत मुलं कुठे असतात?

पर्यवेक्षिका आल्या की सेविका आधी कपाटाकडे वळते. हजेरी, आहाराचा साठा, लसीकरणाच्या नोंदी, वजन-उंचीचे तक्ते एकेक करून बाहेर येतात. मोबाइलवर पोषण ट्रॅकर उघडला जातो. कुणाचं आधार जुळलेलं नाही, कुणाची उंची भरायची राहिली, यावर बोलणं होतं. तेवढा वेळ मदतनीस मुलांना गप्प बसवून ठेवते. शेवटी भेटपुस्तिकेत शेरा पडतो : ‘उपस्थिती समाधानकारक. नोंदी अद्ययावत ठेवाव्यात.’ पर्यवेक्षिका पुढच्या गावाला निघतात. सेविका मुलांना शिकवते कशी, हे मात्र या भेटीत कुणीच पाहिलेलं नसतं.

सेविकेनं शिक्षिका म्हणून वाढत राहावं असं खरोखर वाटत असेल, तर सगळ्यात आधी ही भेट बदलायला हवी. प्रशिक्षणं होतातच. केंद्र सरकारनं मे 2023 मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ कार्यक्रम सुरू केला, अंगणवाडीत रोज किमान दोन तास पूर्वशालेय शिक्षण व्हावं असं ठरवलं आणि सेविकांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण आखलं. 2024 मध्ये तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आला. महाराष्ट्रात ‘आकार’ त्याआधीपासून होता. हे सगळं हवंच. पण प्रशिक्षणाहून परतलेल्या सेविकेसमोर एकाच खोलीत तीन, चार आणि पाच वर्षांची मुलं बसलेली असतात, एखादं धाकटं भावंड रडत असतं, दारात गरोदर बाई चौकशीला आलेली असते. सभागृहात समजलेली गोष्ट इथे जमेनाशी झाली की विचारायचं कुणाला? महिन्यातून एकदा तिच्या दारात येणारी, खात्यातली एकच व्यक्ती आहे : पर्यवेक्षिका.

समजा, सेविका कोल्ह्याची गोष्ट सांगते आहे. गोष्ट संपते, ती विचारते, “कळलं ना सगळ्यांना?” मुलं एका सुरात ‘हो’ म्हणतात. मागे बसलेल्या पर्यवेक्षिकेला मात्र दिसलेलं असतं, की दाराजवळचा एक मुलगा मध्येच शेजारणीला म्हणाला, “त्याला भूक लागली आसंल.” मुलं घरी गेल्यावर पर्यवेक्षिकेनं ‘मुलांना बोलतं करा’ असा उपदेश केला तर तो तिथेच विरून जातो. त्याऐवजी तिनं ते वाक्य सेविकेला सांगावं. गोष्ट ऐकता ऐकता तो मुलगा कारण शोधत होता, हे दोघींनी मिळून पाहावं. मग या महिन्यापुरतं एवढंच ठरवावं, की प्रत्येक गोष्ट एका जागी थांबवायची, ‘आता काय होईल?’ असं विचारायचं आणि मुलं बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. पुढच्या भेटीची सुरुवात तिथूनच व्हावी. एका वेळी एकच गोष्ट, तीही त्याच खोलीत घडलेली. मोठ्या माणसाचं शिकणं असंच टिकतं.

आपल्याकडे याचा वारसा आहे. 1945 मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. अनुताईंना प्राथमिक शाळेत शिकवण्याचा अनुभव होता. बालशिक्षण त्या ताराबाईंच्या सोबतीनं, रोजच्या कामात शिकल्या. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे आले. समोरची मुलं पाहायची, त्यावर आपसात बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी करून बघायचं, या रिवाजातूनच हे सुचत गेलं. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. योजनेनं अंगणवाडी घेतली, पण शेजारी बसून शिकण्याची ती रीत मागेच राहिली.

ती परत आणायला नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. 2018 च्या पोषण अभियानात मासिक बैठकीतून सेविकांना एकेक कौशल्य द्यायचं, अशी 21 पाठांची आखणी झाली होती. भर होता तो आहारावर आणि गृहभेटींवर. शिकवण्यासाठी हीच वाट वापरता येईल. बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडे असलेल्या अंगणवाड्यांच्या गटाच्या, बैठकीचा अर्धा वेळ माहिती गोळा करण्यातून मोकळा करावा आणि त्यात सेविकांनीच आपापले प्रसंग मांडावेत. मेळघाटात घरी कोरकू बोलणारी मुलं अंगणवाडीत मराठी ऐकतात. कोरकू येणाऱ्या सेविकेनं तिथे काय केलं, हे शेजारच्या गावातल्या सेविकेला कळायला हवं. सगळ्या अंगणवाड्या आतून पाहणारी पर्यवेक्षिकाच हे एकीकडून दुसरीकडे नेऊ शकते.

खरी अडचण भीतीची आहे. जिच्या अहवालावरून नोटीस निघू शकते, तिच्यापुढे ‘मला हे जमत नाही’ असं कोण म्हणेल? मानधनावर काम करणाऱ्या बाईनं तर नाहीच म्हणायचं. डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी पुकारलेला संप जानेवारीपर्यंत चालला. मानधनाचा आणि निवृत्तीनंतरच्या आधाराचा प्रश्न सुटल्याशिवाय त्यांच्याकडून शिकत राहण्याची अपेक्षा धरणं मला अन्यायाचं वाटतं. तपासणीची भेट आणि शिकण्याची भेट वेगवेगळ्या दिवशी व्हावी, आणि शिकण्याच्या भेटीत दिसलेलं काहीही कारवाईसाठी वापरलं जाणार नाही, असं लेखी ठरावं.

आणि पर्यवेक्षिकेचं काय? साधारण 25 अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका, महिन्याचे कामाचे दिवसही जवळपास तेवढेच. त्यात बैठका, ऑनलाइन अहवाल आणि रिकाम्या पदांमुळे आलेला दुसरा बीट. काही जणी सेविकापदावरून वर आलेल्या असतात, काही थेट परीक्षेतून. परीक्षेतून आलेल्यांनी तीन वर्षांच्या मुलांसमोर कधी गोष्ट सांगितलेलीच नसते. त्यांना रुजू होताच काही आठवडे एखाद्या चांगल्या सेविकेच्या हाताखाली अंगणवाडीत काम करायला लावावं, आणि नंतरही प्रकल्प अधिकाऱ्यांनी अधूनमधून त्यांच्या भेटीला सोबत जावं, मुलांमध्ये खाली बसावं, नोंदवह्या कपाटातच राहू द्याव्यात.