गंज आणि रंग

शास्त्रभाग : लेवीय १४:३३-४८, २ राजे १२:४-१५, २ इतिहास २४:४-२२



मंडळीच्या पंचांपुढे कधीकधी असे प्रश्न येतात, की ते दिसायला किरकोळ असतात, पण त्यांच्या निमित्ताने आपल्या अंतःकरणात काय आहे ते बाहेर पडते. जुनी गाडी पुन्हा रंगवावी की नाही, आणि रंगवायची तर जुनाच रंग ठेवावा की नवा द्यावा, हा तसलाच एक प्रश्न. पवित्र शास्त्रात मोटारगाड्यांविषयी आज्ञा नाहीत हे खरे. परंतु जे जुने झाले आहे, ज्याची मोडतोड झाली आहे, आणि तरीही जे परमेश्वराच्या कामासाठी राखलेले आहे, त्याचे काय करावे याविषयी शास्त्र पुष्कळ बोलते.

दृष्टांतादाखल असे धरून चालू, की सिल्वासा येथे टोकरखाडा भागात एका लहानशा मराठी मंडळीच्या दारी एक जुनी जीप उभी आहे. रविवारी ती वृद्ध माणसांना उपासनेला आणते. इतर दिवशी ती पाळकांना आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना खानवेल, मांदोणी, दुधनी या बाजूच्या पाड्यांवर नेते. दादरा आणि नगर हवेलीचा हा मुलूख ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की सिल्वासाची सपाटी मागे टाकली म्हणजे डोंगराळ चढउतार सुरू होतात. खानवेलला साकरतोड नदी लागते. दुधनीकडे दमणगंगेवरील मधुबन धरणाचे पाणी पसरलेले दिसते. डांबरी रस्ता झाला तरी रस्त्यापासून झोपडीपर्यंतची शेवटची वाट पावसाळ्यात पुष्कळदा चिखलाचीच असते. तेथे साधी मोटार रुतते. जीपच्या पुढच्या चाकांनाही इंजिनाची ओढ देता येते, म्हणून ती त्या चिखलातून बाहेर निघते.

जीप ही मूळची लढाईची गाडी. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या आपल्याकडील महिंद्र कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपांची जुळणी सुरू केली, आणि लढाईची ही गाडी शेतकऱ्याची, डॉक्टरची आणि मिशनरीची गाडी झाली. तलवारीचा फाळ व्हावा हे यशयाचे स्वप्न आपणांस ठाऊक आहेच.

तर अशा आपल्या जीपचा रंग अनेक पावसाळे खाऊन उडाला आहे. दाराच्या खालच्या कडेला पोपडे आले आहेत. पंचांच्या सभेत प्रश्न निघतो. तरुण संघ म्हणतो, "नवा झगझगीत रंग देऊ या, लोक आपल्या गाडीला हसतात." वडील मंडळी म्हणतात, "जुनाच करडा रंग राहू द्या. पाड्यावरची माणसे त्या रंगावरून आपल्याला लांबून ओळखतात." कोणी म्हणतो, "रंगावर पैसा घालणे म्हणजे उधळपट्टी." तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण तेवढ्यात मागच्या बाकावरची एखादी आजी उठून विचारते, "अरे बाळांनो, रंग कोणताही द्या, पण उतारावर ब्रेक लागतो का, ते आधी सांगा. माझ्या सुनेला बाळंतपणासाठी याच गाडीतून दवाखान्यात न्यायचे आहे." आणि सभा गप्प होते. बंधुभगिनींनो, ज्या वादात सर्वांना बोलता येते त्यात आपण तास घालवितो, आणि ज्या प्रश्नावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो तो विचारायचा राहून जातो.

पहिली गोष्ट : आधी ठोकून पाहावे

लेवीय पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात चट्टा पडलेल्या घराविषयी नियम आहेत. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले, तर घरधन्याने स्वतः जाऊन याजकाला सांगावे. याजकाने येऊन पाहावे, की चट्टा वरवरचा आहे की भिंतीत खोल गेला आहे. सात दिवस घर बंद ठेवावे. चट्टा पसरला असेल तर दूषित दगड काढून नगराबाहेर टाकावे, घर आतून सर्व बाजूंनी खरवडावे, नवे दगड बसवावे, आणि मग नवा गिलावा करावा. एवढे करूनही चट्टा परत आला, तर ते घर पाडून टाकावे.

या नियमात क्रम पाहा. गिलावा आहे, पण तो शेवटी आहे. गिलाव्याची मनाई नाही. खरवडल्यावाचून गिलावा करण्याची मनाई आहे.

गॅरेजमधील प्रामाणिक कारागीर हाच क्रम पाळतो. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंज होतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग फुगतो आणि पोपडे येतात. तेव्हा पोपडा हा रंगाचा रोग नव्हे, आतल्या पत्र्याचा रोग होय. कारागीर पत्र्यावर हातोडीने हलकेच ठोकतो; चांगला पत्रा वाजतो, कुजलेला दबतो. कुजलेला भाग कापून तो नवा पत्रा वेल्डिंगने जोडतो. उरलेला गंज तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने घासून काढतो. मग रेड ऑक्साइड प्रायमरचा हात देतो, बारीक खड्डे लांबीने भरतो, पुन्हा घासतो, आणि मग रंग. घाईचा कारागीर भोकावरच लांबी थापतो. पहिल्या दिवशी दोघांच्या गाड्या सारख्याच दिसतात. फरक दाखवितो तो पुढचा पावसाळा.

यहेज्केलाच्या तेराव्या अध्यायात कच्च्या भिंतीला सफेदी देणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांविषयी परमेश्वर बोलतो. मुसळधार पाऊस येईल, गारा पडतील, वादळ सुटेल, आणि तेव्हा ती सफेदी कोठे गेली असे लोक विचारतील, असा त्या वचनाचा आशय आहे. जून ते सप्टेंबरचा आपल्याकडील पाऊस ज्यांना माहीत आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट : पैसा आधी कोठे जावा

योआश राजाच्या कारकिर्दीत मंदिराची मोडतोड झाली होती. लोक पैसा देत होते, याजक तो घेत होते. पण राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती झाली नव्हती. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेविली. पैसा जमला म्हणजे राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे मिळून तो मोजीत, आणि सुतार, गवंडी व पाथरवट यांच्या मजुरीसाठी, लाकूड व चिरे यांच्यासाठी देत. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात मुद्दाम सांगितले आहे, की त्या पैशातून रुप्याच्या वाट्या, कातरी, कर्णे असे काही केले नाही.

पण हाच वृत्तांत इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात वाचा. दुरुस्ती पुरी झाल्यावर उरलेला पैसा राजापुढे आणला, आणि त्यातून मंदिरासाठी सोन्यारुप्याची पात्रे केली. मला यात विरोध दिसत नाही. उलट हा आपल्या जीपच्या प्रश्नाचा सरळ निकाल दिसतो. आधी मोडतोड, मग शोभा. आधी ब्रेक, स्टेअरिंग, टायर, चेसिस. मग उरले तर रंग. पेटी सर्वांसमक्ष, मोजणारे दोन. आणि कारागीर इतके विश्वासू की त्यांच्याकडून हिशेब मागावा लागला नाही.

शोभा म्हणजे पाप, असे मात्र कोणी समजू नये. निवासमंडपासाठी निळे, जांभळे आणि किरमिजी सूत मागणारा परमेश्वरच होता, आणि बसालेलाला कसबाची बुद्धी देणाराही तोच. शिवाय रंग ही केवळ शोभा नव्हे. नीट दिलेला रंग पाणी आणि हवा पत्र्यापर्यंत पोहोचू देत नाही. तो गाडीचे आयुष्य वाढवितो. जी वस्तू देवाच्या कामासाठी मिळाली तिची निगा राखणे हे चांगल्या कारभारीपणाचे लक्षण आहे. "उधळपट्टी" हा शब्द उच्चारण्यापूर्वी बेथानीतील त्या सुगंधी तेलाच्या कुपीची आठवण ठेवावी. तेथेही तो शब्द चुकीच्या तोंडून निघाला होता.

तिसरी गोष्ट : रंग खरे बोलतो काय

यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात यहोयाकीम राजाचा वाडा आहे. मोठमोठ्या खोल्या, गंधसरूची तक्तपोशी, आणि वर हिंगुळाचा रंग. संदेष्ट्याचा आक्षेप हिंगुळावर नाही. मजुरांची मजुरी बुडवून तो रंग दिला गेला, यावर आहे. राजाच्या बापाने गरिबांचा न्याय केला. परमेश्वराला ओळखणे म्हणतात ते हेच, असे यिर्मया सांगतो.

गाडीचा रंगसुद्धा एक विधान आहे. नोंदणीच्या पुस्तकात रंग लिहिलेला असतो. तो बदलला तर नोंदणी कार्यालयाला कळवून तशी दुरुस्ती करून घ्यावी लागते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी १२१ वा नियम सांगतो, की लष्करी हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच देता येतो. पुष्कळ तरुणांना जुन्या जीपला तोच रंग द्यावासा वाटतो. पण जो गणवेश आपला नाही तो आपण घालू नये. आपले होय ते होय आणि नाही ते नाही असावे, असे प्रभूने शिकविले. ते नोंदणीच्या कागदालाही लागू आहे. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते, आणि त्या तपासणीत गाडी रस्त्यावर चालण्यास सुरक्षित आहे की नाही हे पाहतात. केवळ नव्या रंगावर ते काम भागत नाही.

रंग एका दिवसात बदलतो. बदल मात्र एका दिवसात होत नाही. याची साक्ष याच भूमीवर आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले आणि पोर्तुगीज झेंडा उतरला. १९६१ साली हा प्रदेश रीतसर भारतात आला. पण कसणाऱ्याच्या जमिनीच्या हक्कासाठी जमीन सुधारणेचा कायदा झाला तो १९७१ साली. झेंड्याचा रंग बदलणे आवश्यक होते आणि आनंदाचे होते. परंतु आदिवासी शेतकऱ्याच्या घरात तो आनंद पोहोचविण्याचे काम पुढे कित्येक वर्षे करावे लागले.

महाराष्ट्रातील जामखेडचे उदाहरणही घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले आणि १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचे नाव इमारतीच्या किंवा गाडीच्या झळाळीमुळे झाले नाही. खेड्यातील साध्या, पुष्कळशा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून उभे केले, आणि खेड्यांनी त्यांना त्या कामावरून ओळखले. पाड्यावरची माणसे मंडळीच्या गाडीला करड्या रंगावरून ओळखत असतील, तर तो रंग त्यांना प्रिय का झाला? गाडी वेळेवर आली म्हणूनच ना? ती तशीच वेळेवर येत राहिली, तर नवा रंगही चार महिन्यांत ओळखीचा होईल. येईनाशी झाली, तर जुना रंग ठेवूनही उपयोग नाही.

तेव्हा पंचांनी काय करावे? जाणत्या मिस्त्रीकडून गाडी खालून तपासून घ्यावी. चेसिसच कुजली असेल, तर रंगाचा विचार सोडावा. लेवीयातील घराप्रमाणे ती मोडीत काढावी, तिने केलेल्या सेवेबद्दल देवाचे उपकार मानावे, आणि ती दुसऱ्या कोणाच्या गळ्यात रंग देऊन बांधू नये. चेसिस धड असेल, तर आधी दुरुस्ती करावी. पैसा उरला तर आनंदाने रंग द्यावा. रंग कोणता हे तरुणांना ठरवू द्यावे, मात्र गंज घासायलाही त्यांनाच बसवावे. ज्याने पत्रा घासला त्याला रंगाची खरी किंमत कळते.

आता शेवटचे आणि सर्वांत गंभीर. ज्या योआशाने मंदिराची मोडतोड दुरुस्त केली त्याचा शेवट काय झाला? यहोयादा जिवंत होता तोवर तो नीट चालला. यहोयादा मेल्यावर तो मूर्तींकडे वळला. आणि यहोयादाचा मुलगा जखऱ्या याने त्याला दोष दाखविला तेव्हा राजाच्या आज्ञेवरून जखऱ्याला दगडमार झाला, तोही त्याच मंदिराच्या अंगणात. दगड बसविले गेले, भिंती सांधल्या गेल्या; राजाचे अंतःकरण मात्र तसेच राहिले. दुसऱ्याच्या आधाराने टिकलेली त्याची भक्ती रंगासारखी होती.

म्हणून प्रत्येकाने आपल्या जीवनाच्या पत्र्यावर ठोकून पाहावे. दर रविवारी धुतलेले कपडे, तोंडपाठ प्रार्थना, सभेतील मान. याच्याखाली जुने वैर, न फेडलेले देणे, घरच्या माणसांशी कठोर बोलणे असे काही तांबूस चट्टे आहेत काय? घरधन्याने स्वतः जाऊन याजकाला सांगावे, असा नियम होता. आपला मुख्य याजक ख्रिस्त आहे. तो खरवडतो तेव्हा दुखते. पण आपल्याला लाजविण्यासाठी तो खरवडीत नाही, आपण टिकावे म्हणून खरवडतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी एक सूचना. तीन खिळे घ्या. एक नवा खिळा रंगवा, एक गंजलेला खिळा तसाच रंगवा, आणि एक गंजलेला खिळा नीट घासून मग रंगवा. रंग वाळल्यावर तिन्ही ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, फडके ओलेच राहील असे पाहा, आणि काही आठवड्यांनी वर्गात उघडा. आधी मुलांना खिळे पाहू द्या, मग १ शमुवेल १६:७ वाचा. अर्थ बहुधा तीच सांगतील.

आपल्या दारी जे जुने झाले आहे ते प्रामाणिकपणे तपासण्याचे धैर्य, ते दुरुस्त करण्याचा धीर, आणि काम झाल्यावर त्यावर चढविलेल्या शोभेचा निर्मळ आनंद प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.