पापांची यादी कुणाच्या हाती?



‘फादर, असले खूनखराब्याचे सिनेमे पाहणे पाप आहे का?’ हा प्रश्न आईवडील विचारतात, आणि बहुधा मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात. आज अशा एकाच सिनेमाविषयी बोलू या. डेव्हिड फिंचर यांनी दिग्दर्शित केलेला ‘सेव्हन’ १९९५ साली आला. पावसात भिजणारे एक बिननावाचे शहर, निवृत्तीला आलेला सॉमरसेट व तापट तरुण मिल्स हे दोन पोलीस अधिकारी, आणि सात प्रमुख पापांच्या क्रमाने माणसे मारत सुटलेला खुनी. खादाडपणा, लोभ, आळस, कामवासना, गर्व, मत्सर, क्रोध. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले पाठ करतात तीच ही यादी.

ही यादी मुळात मठवाशांची. चौथ्या शतकात वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रिउस याने मनाला भुलवणारे आठ दुष्ट विचार सांगितले. सहाव्या शतकात परमगुरू संत थोर ग्रेगरी यांनी त्यांची सातांत मांडणी केली. पुढे थोडा फेरफार होऊन आजची यादी झाली. त्यांना ‘प्रमुख’ म्हणतात ते त्यांच्या पोटी इतर पापे जन्मतात म्हणून. माणसाने स्वतःचे मन तपासावे यासाठी ही यादी होती. सिनेमातल्या खुन्याने ती दुसऱ्यांच्या दारावर नेऊन लावली.

तो म्हणतो की कोपऱ्याकोपऱ्यावर पाप दिसते आणि सवय झाल्यामुळे आपण ते खपवून घेतो. खरे सांगायचे तर हे बोलणे एखाद्या प्रवचनातही सहज खपून जाईल. पाप त्याला नीट कळते, दया मात्र कळत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात चाकर निदण उपटायला निघतात तेव्हा धनी त्यांना थांबवतो, कारण त्याबरोबर गहूही उपटला जाईल. हा खुनी म्हणजे धन्याला न विचारता शेतात शिरलेला चाकर. स्वतःच्या मनातला मत्सर त्याने ओळखला होता, कबूलही केला. पण देवापुढे पश्चात्तापाने नव्हे, तर मिल्सच्या गरोदर पत्नीचा जीव घेतल्यावर.

शेवटी मिल्सच्या हाती पिस्तूल असते. सॉमरसेट विनवतो की याला मारलेस तर तोच जिंकेल. मिल्स गोळी झाडतो आणि क्रोधाने यादी पुरी होते. याआधीचे खून पडद्यावर घडताना दिसत नाहीत, नंतरचे भीषण दृश्य तेवढे दिसते. हा एकच आपल्या डोळ्यांदेखत होतो. त्या क्षणी खुर्चीत बसलेला प्रेक्षक मनात काय म्हणत असतो? बहुतेक जण ‘झाड!’ म्हणत असतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली संपर्कमाध्यमांविषयी जे आदेशपत्र काढले, त्यात वाईटाचे चित्रण सरसकट निषिद्ध ठरवलेले नाही. त्यातून माणसाची अधिक खोल ओळख होऊ शकते, मात्र आत्म्यांची हानी होऊ नये म्हणून नैतिक संयम हवा, असे तेथे म्हटले आहे. तेव्हा लहान मुलांना हा सिनेमा दाखवू नयेच. जेवताना तोंडी लावायला रोज एक खून पाहणाऱ्या मोठ्यांनीही टीव्ही बंद केलेला बरा.

घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने तो पाहिलाच असेल, तर दटावण्याआधी जवळ बसून विचारा, ‘मिल्सने गोळी झाडावी असे तुला वाटले का?’ मुलगा उलट विचारील, ‘आणि पप्पा, तुम्हाला?’