नोंद पुरी करणारा वाचक

पु. ल. देशपांडे यांचे ‘वाऱ्यावरची वरात’ ग्रंथालयाच्या संगणकावर शोधायचे म्हटले, की पहिल्याच शब्दात अडचण उभी राहते. त्यातला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी उमटतो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साधा ‘र’ घेऊन, पाय मोडून, त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द असतात. शोधयंत्रणेला हे समजावून दिलेले नसेल आणि नोंद करणाऱ्याने एक रीत व शोधणाऱ्याने दुसरी वापरली असेल, तर पुस्तक कपाटात असूनही ते नसल्याचे उत्तर येते. वाचकाला आपली चूक शोधूनही सापडत नाही, कारण त्याने चूक केलेलीच नसते.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत असे पदोपदी घडू शकते. खांडेकरांच्या कादंबरीचे नाव मुखपृष्ठावर ‘ययाति’ असे ऱ्हस्व आहे. 1962 मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आल्यानंतर शाळेत गेलेला माणूस ‘ययाती’ असे दीर्घच लिहिणार. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’मधला ‘लक्षांत’वरचा अनुस्वार आजच्या लेखनातून गेला आहे. विभावरी शिरूरकरांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा 1933 सालचा संग्रह घ्या. कोणी विसर्ग देईल, कोणी तो गाळेल, आणि घाईत नोंद करणारा कळफलकावरचा अपूर्णविराम दाबून पुढे जाईल. डोळ्यांना तिन्हींत फारसा फरक जाणवत नाही. शिवाय लेखिकेच्या मालतीबाई बेडेकर या खऱ्या नावाने शोधणारा वाचक या पुस्तकापर्यंत पोचेलच याचीही खात्री नाही.

ग्रंथतालिकेने काय करावे, हे चार्ल्स कटर या अमेरिकी ग्रंथपालाने 1876 सालीच मांडून ठेवले होते. लेखक, शीर्षक किंवा विषय यांपैकी काहीही ठाऊक असेल तर वाचकाला पुस्तक सापडले पाहिजे, आणि एखाद्या लेखकाचे ग्रंथालयात काय काय आहे तेही त्याला एका जागी दिसले पाहिजे. यातली दुसरी अपेक्षा मराठीत फार जड जाते. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचे. ‘ग्रेस’ म्हणजे माणिक गोडघाटे, ‘गोविंदाग्रज’ म्हणजे राम गणेश गडकरी. जाणत्या ग्रंथपालाने कार्डांच्या काळात ‘हेही पाहा’ अशी कार्डे घालून ही नावे जोडली होती. पुढे अनेक ठिकाणी संगणकीकरण झाले ते दाखल नोंदवहीवरून: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, किंमत. ‘हेही पाहा’ची कार्डे लाकडी खणांतच राहिली. संगणक आल्यावर तालिका सुधारली असे आपण धरून चालतो, पण या एका बाबतीत ती मागे गेली आणि त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही.

म्हणून ‘ओपॅक, म्हणजे वाचकांसाठीची संगणकीय तालिका, आधुनिक करा, वाचकांना त्यात सहभागी करून घ्या’ असे कोणी म्हटले, की मी आधी विचारतो, सहभाग नेमका कशात? अमेरिकेत या चळवळीने 2005 नंतर जोर धरला. मिशिगनमधल्या ॲन आर्बर जिल्हा ग्रंथालयाने 2007 च्या जानेवारीत आपली तालिका वाचकांसाठी खुली केली. पुस्तकाला तारे द्या, अभिप्राय लिहा, स्वतःच्या शब्दांत विषय-खुणा जोडा. कल्पना उमदी होती आणि त्या काळात धाडसाचीही. पण यात अंकगणिताची एक अडचण आहे. एका ग्रंथालयाचे वाचक काही हजार, पुस्तके काही लाख, आणि अभिप्राय लिहिणारे शंभरात एखाद-दोन. तेव्हा बहुतेक नोंदींखालची जागा रिकामी राहणे ठरलेलेच. लायब्ररीथिंग या संकेतस्थळाने त्यावर उपाय काढला. आपल्या सभासदांनी जगभरातून जोडलेल्या विषय-खुणा 2007 पासून ग्रंथालयांच्या तालिकांना पुरवायला सुरुवात केली. सहभाग हवा तर तो एका इमारतीपुरता ठेवून चालत नाही, हा त्यातला धडा आपल्या कामाचा आहे.

तारे आणि पसंतीचे अंगठे यांचे मला फारसे अप्रूप नाही. मराठी कादंबरी साडेतीन ताऱ्यांची की चार ताऱ्यांची, हे पुस्तकविक्रीची संकेतस्थळे सांगतातच. ‘हे पुस्तक नेणाऱ्यांनी तेही नेले’ ही सोय तर मला ग्रंथालयात नकोच आहे. तिच्यासाठी कोणी काय वाचले याचा साठा जपावा लागतो, आणि सभासदाने पुस्तक परत केले की त्याचे नाव त्या पुस्तकापासून सुटले पाहिजे. वाचकाकडून मागायची गोष्ट निराळी आहे. ती म्हणजे त्याला असलेली माहिती.

ही माहिती केवढी असते ते इतरत्र दिसून आले आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2008 च्या जानेवारीत आपल्या संग्रहातली सुमारे तीन हजार जुनी छायाचित्रे फ्लिकर या संकेतस्थळावर मांडली आणि लोकांना टिपणे करू दिली. लोकांनी गावे ओळखली, इमारती ओळखल्या, माणसे ओळखली. ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांनी ती माहिती पडताळली आणि त्याच वर्षात पाचशेहून अधिक मूळ नोंदींत भर घातली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानेही 2008 पासून जुन्या वृत्तपत्रांचा यंत्राने वाचलेला मजकूर दुरुस्त करायला वाचकांच्या हाती दिला. ज्याला आपल्या गावचे जुने वृत्तपत्र वाचायचे आहे तोच त्यातल्या चुका सुधारत जातो. या दोन्ही ठिकाणी कोणी वाचकाला पुस्तक आवडले का, असे विचारत बसले नाही. तुम्हाला ठाऊक असलेले आणि आमच्या नोंदीत नसलेले काय आहे, एवढेच विचारले.

मराठीत हा प्रश्न विचारायला दिवाळी अंकांइतकी योग्य जागा दुसरी नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक 1909 मध्ये काढला, तेव्हापासून आपल्या कथेचा, कवितेचा आणि लेखाचा मोठा भाग आधी दिवाळी अंकांत अवतरत आला आहे. ग्रंथालयात हे अंक वर्षवार बांधून ठेवलेले सापडतात. तालिकेत मात्र पुष्कळदा एकच ओळ असते: नियतकालिकाचे नाव, ‘दिवाळी अंक’ आणि साल. आत कोणाची कथा, कोणाची मुलाखत, मुखपृष्ठ कोणी केले, याचा पत्ता नाही. एखाद्या कथाकारावर प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी मग धूळ झटकत एकेक बांधीव खंड उघडते, अनुक्रमणिकेची पाने मोबाइलवर टिपते, आणि प्रबंध झाला की ती छायाचित्रे तिच्याच मोबाइलमध्ये राहतात. पुढल्या वर्षी दुसरा कोणी तेच खंड पहिल्यापासून उघडतो. संगणकीय नोंदीत अनुक्रमणिकेसाठी स्वतंत्र रकाना असतो. अंकाच्या नोंदीखाली ‘अनुक्रमणिका जोडा’ असे एक बटण असते, तर त्या विद्यार्थिनीचे काम तिथेच जमा झाले असते, तिच्या नावासह. नाव द्यायचेच. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवावा असे एक सूत्र आहे. इथे एका वाचकाने घालवलेला वेळ पुढच्या सगळ्यांचा वाचला असता.

तंत्राच्या बाजूने यात अवघड फार थोडे आहे. न्यूझीलंडमधल्या हॉरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि 2000 पासून सर्वांना मोफत मिळणारी ‘कोहा’ ही प्रणाली आपल्याकडेही अनेक ग्रंथालये वापरतात. वाचकांच्या विषय-खुणा, मंजुरीनंतरच दिसणारे अभिप्राय, खरेदीच्या सूचना या सोयी तिच्यात आहेतच, फक्त त्या चालू कराव्या लागतात. 2022 च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून तर नोंदीतली चूक ग्रंथपालाला थेट कळवण्याची सोयही तिच्यात आली. अर्ध्या ‘र’ची दोन रूपे एक धरणे, ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार शोधापुरते सैल करणे हीसुद्धा शोधयंत्रणेत एकदा नीट करून ठेवायची कामे आहेत, आणि बाकी सगळ्याच्या आधी ती व्हायला हवीत. पुस्तक सापडलेच नाही तर त्याच्या नोंदीत वाचक भर कसली घालणार?

शोध सैल करण्याचा फायदा परदेशातल्या मराठी वाचकांनाही होईल. अमेरिकी ग्रंथालयांत मराठी पुस्तकांचे मोठे संग्रह आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयामार्फत 1962 पासून ती तिकडे जात राहिली. तिथल्या जुन्या नोंदी मुख्यतः रोमन लिपीत, अक्षरांवर-खाली रेघा-टिंबे देऊन केलेल्या, आणि ‘राम’ लिहिताना शेवटी ‘अ’ राखणाऱ्या. तिकडे वाढलेला मराठी मुलगा आजीच्या आवडीचे पुस्तक तसे लिहून शोधेल, हे संभवत नाही. त्या पुस्तकांची देवनागरी शीर्षके भरायला तिथलीच मराठी माणसे हवीत आणि ती आनंदाने बसतील असे मला वाटते.

ग्रंथपालांची हरकत मला ठाऊक आहे आणि ती खरी आहे. वाचक वाटेल ते लिहितील, नोंद बिघडेल. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 आणि पुढे 1950 पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली ती काटेकोरपणाच्या बळावर. कोणीही यावे आणि काहीही भरावे, अशी ती सूची असती तर आज संशोधक तिच्यावर विसंबले नसते. म्हणूनच वाचकाची भर मूळ नोंदीत थेट मिसळू नये. ती शेजारी, ‘वाचकाकडून’ अशा वेगळ्या रकान्यात राहावी, शोधात यावी, आणि पडताळणी झाल्यावर मूळ नोंदीत जावी. जुनी नोंदही पुसायची नाही.

पडताळणार कोण, हा खरा पेच आहे. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली दहा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये आहेत, आणि त्यांतल्या सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयांत एकच माणूस तुटपुंज्या मानधनावर दार उघडण्यापासून वर्गणीपर्यंत सगळे पाहतो. त्याच्यावर आणखी हे काम टाकणे अन्यायाचे होईल. ते जिल्ह्याच्या पातळीवर, सगळ्या ग्रंथालयांसाठी एकत्रच व्हायला हवे. त्यासाठी लागणारी माणसे विद्यापीठांत आहेत. ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी तालिकीकरणाच्या प्रात्यक्षिकात छापील शीर्षकपृष्ठांच्या नमुन्यांवरून नोंदी तयार करतात, त्यांना गुण मिळतात आणि वह्या रद्दीत जातात. त्याऐवजी वाचकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या त्यांच्यापुढे ठेवाव्यात. ‘ग्रेस’ची दोन नावे त्यांनी जोडावीत, एखाद्या दिवाळी अंकाची अनुक्रमणिका मूळ अंक हातात घेऊन ताडून पाहावी, आणि गुण त्यावर द्यावेत.