वापरलेल्या यंत्राचं मोल

कमोडोर ६४ हा संगणक सुरू केला की निळ्या पडद्यावर दिसे: बेसिक भाषेसाठी ३८,९११ बाइट मोकळे आहेत आणि यंत्र तयार आहे. पुढचं माणसानं ठरवायचं. लुकलुकणाऱ्या कर्सरपुढे बसलेल्या मुलाला ते यंत्र काही विकत नव्हतं, सुचवत नव्हतं, त्याच्यावर नजर ठेवत नव्हतं. जुन्या संगणकांसाठी आज जीव तुटतो, त्याचं मूळ मला इथे दिसतं. आपल्या हुकमाची वाट बघणारं यंत्र पुन्हा भेटलं नाही.

१९८२ साली ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं झेडएक्स स्पेक्ट्रम आणला, १२५ पौंडांपासून. रबरी बटणं, पडदा म्हणून घरचाच टीव्ही, साठवणीला साधा कॅसेट प्लेअर. खेळ चढायला चार-पाच मिनिटं लागत. टेप किंचाळायची, पडद्याच्या कडेनं रंगीत पट्टे धावायचे आणि अगदी शेवटी गडबड झाली तर टेप मागे गुंडाळून पुन्हा पहिल्यापासून. माहिती आत शिरताना ऐकू येत होती. धीर हा त्या संगणकाचा न छापलेला पहिला धडा होता.

तो स्वस्त होता म्हणूनच मुलांच्या हाती पडला. आपल्याकडे १९८४ साली सुरू झालेल्या, शाळांत संगणक शिकवणाऱ्या क्लास प्रकल्पातून बीबीसी मायक्रो संगणक आले, पण ते शाळेत. त्यामुळे आपली आठवण एकट्याची नाही, वर्गाची आहे.

जुन्या संगणकांच्या बाजाराचं गणित वेगळं. १९७६ चा अ‍ॅपल-१ ६६६.६६ डॉलरला विकला गेला. साधारण २०० नगच बनले. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड संग्रहालयानं त्यातला एक ९,०५,००० डॉलरला घेतला. कमोडोर ६४ एक कोटीहून जास्त खपला. तो त्या भावाच्या जवळपासही जात नाही. जे घरोघरी होतं त्याची आठवण मोठी. जे मोजक्यांकडे होतं त्याची किंमत मोठी.

सीलबंद खोक्यातल्या यंत्राला सर्वाधिक मान. म्हणजे ज्यावर कोणी काहीच शिकलं नाही, त्याला. बटणावरचं अक्षर बोटांनी झिजलं की भाव उतरतो. मला ते झिजलेलं अक्षरच यंत्राचा खरा दाखला वाटतं. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात, ते उजळतं. मी तो पिवळेपणा राहू दिला असता.

तरी भावाला दोष देऊन भागणार नाही. पैसे मिळतात हे कळल्यावर कितीतरी यंत्रं भंगारवाल्याच्या हातगाडीवरून परत घरात आली. लोभानं वाचवलेली वस्तूही वाचलेलीच असते. मात्र नुसतं जपणं पुरेसं नाही. संगणक बंद ठेवला तर उरतो डबा. त्याचं असणं चालण्यात आहे.

तुमच्या माळ्यावर असा एखादा असेल तर घाईनं वीज जोडू नका. कमोडोर ६४ चे मूळ अ‍ॅडॉप्टर बिघडले की जास्त विद्युतदाब सोडतात आणि मेमरीच्या चिप जळतात. आधी मीटर लावून तपासा. आणि सोबतच्या कॅसेट टाकू नका. विकत घेतलेला खेळ जगात कुठे ना कुठे सापडेल. तुमच्या ताईनं किंवा दादानं स्वतः लिहिलेला वीस ओळींचा प्रोग्रॅम फक्त त्याच टेपवर आहे. टेप वाचता येतेय तोवर तो उतरवून घ्या.