अडगळ कोणाची?

दिवाळीपूर्वी माळा झाडण्याचा समारंभ ज्यांच्या घरी भांडणावाचून पार पडतो, ती माणसे भाग्यवान म्हटली पाहिजेत. आमच्या घरी तो तसा कधी पडला नाही. वडील शिडीवरून एकेक वस्तू 'अडगळ' म्हणून खाली देत आणि आजी त्यातल्या निम्म्या पदराने पुसून पुन्हा वर पाठवी. "ती कळशी राहू दे. बूड गेलं तरी तुळस लावता येईल तीत!" आम्हां मुलांना हसू येई. आज वाटते, त्या भांडणात केवढा तरी प्रश्न दडला होता. चारजणांच्या घरात अडगळ कोणती हे ठरवायचे कोणी? ज्याच्या हाती शिडी आहे त्याने, की जिचे आयुष्य त्या वस्तूंत गेले तिने?

घराच्या जागी शहराचा जुना गाभा ठेवा, प्रश्न तोच राहतो. गल्ल्या अरुंद, वाडे कललेले, अंगणात ऊन नाही. काहीच करू नये म्हणणेही खरे नव्हे, कारण तुंबलेल्या गटाराचे कौतुक त्या गटाराकाठी न राहणारालाच सुचते. पण करावे काय, आणि कोणाला विचारून?

१९१७ साली इंदुरात याचे एक विलक्षण उत्तर दिले गेले, आणि तेही दिवाळीच्याच दिवसांत. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक (पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आला तोच) होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून इंदूरची नगररचना पाहण्यास आला होता. शहरात प्लेग होता. हा दाढीवाला म्हातारा हातात नकाशा घेऊन गल्लोगल्ली फिरू लागला, तेव्हा लोक त्याच्याकडे भीतीने बोट दाखवू लागले. चौकशी करता त्याला कळले, की 'प्लेग आणणारा साहेब' असे त्याचे नाव पडले आहे. यात लोकांचे काय चुकले? नकाशा घेतलेला माणूस दारी आला की पाठोपाठ पहार येते, हा त्यांचा अनुभव होता.

गेडिसने महाराजांकडे एक दिवसाचे राज्य मागितले आणि ते मिळाले. मग त्याने दवंडी पिटवली : यंदाची दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही, ज्या रस्त्यावरची सर्वाधिक घरे झाडून, दुरुस्त करून लख्ख होतील, त्या रस्त्याने जाईल. कचरा सरकार फुकट उचलील. झाले! साऱ्या शहराला झाडलोटीचे वेड लागले. हजारो गाड्या कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत राक्षस होते, डास होते आणि पिसवांनी भरलेला एक प्रचंड उंदीर होता. त्यामागून आले झाडूवाले, नवे पांढरे कपडे घालून, रंगवलेल्या गाड्या आणि सजवलेले बैल घेऊन. ज्यांची सावली चुकवायची, त्यांना मिरवणुकीत मानाचे स्थान! हत्तीवर लक्ष्मी होती, आणि तिच्यामागे इंदूर नगरीची म्हणून एक नवी देवता. शेवटी तुळशीची रोपे वाटली गेली आणि रात्री दारूकामात उंदीर जळाला. प्लेगही ओसरला. त्याचे श्रेय ऋतूला किती आणि झाडूला किती हा वाद सोडून देऊ. लोकांनी मात्र त्याच साहेबाला प्लेग पळवणारा ठरवले.

मला यातली मौज वाटते ती बक्षिसाची. पैसा नाही, पदवी नाही; लक्ष्मी आपल्या दारावरून जाईल, एवढेच. आणि कोणाच्या घराला सरकारने हात लावला नाही, ज्याचे घर त्यानेच झाडले. १९१८ च्या अहवालात त्याने मांडलेली रीतही हीच आहे. सरसकट पाडापाड नको. पडकी खोली तेवढी काढा, तिथे चार झाडे लावा, विहीर राखा, गल्ली जिवंत ठेवा. हा उपदेश त्याने दुरून केला नव्हता. तरुणपणी एडिंबरोच्या जुन्या भागात गरिबांच्या दाटीवाटीच्या चाळीत तो बायकोला घेऊन राहायला गेला होता.

तुम्ही म्हणाल, यात लोकांचा सहभाग कसला? राज्य महाराजांचे, युक्ती साहेबाची. खरे आहे. उत्सवाला बोलावणे निराळे आणि नकाशावर रेघ ओढताना बोलावणे निराळे. आपल्याकडे १९६६ च्या कायद्याने विकास आराखडा प्रसिद्ध करून नागरिकांच्या 'हरकती व सूचना' मागवतात. शब्दांचा क्रम पाहा! घर बांधून झाल्यावर घरच्यांना विचारायचे, की काही हरकत आहे का? आराखडा वीसेक वर्षांचा असतो. सत्तरीच्या माणसाने आज आपली खोली सोडावी, ती अजून जन्मालाही न आलेल्या मुलांसाठी. ही मागणी अन्यायाची आहे असे मी म्हणत नाही. लावलेल्या आंब्याची फळे लावणाराला कुठे मिळतात? पण आंबा तो स्वतः लावतो.

हे शहाणपण मला फुकट आलेले नाही. आमचा पेठेतला वाडा नवा करायचे ठरले, तेव्हा सर्वांची बैठक झाली. मालक होते, भाडेकरू होते, नकाशा भिंतीवर होता. एकजण मात्र बैठकीत नव्हता : देवडीत वर्षानुवर्षे मशीन घालून बसणारा शिंपी. त्याच्या नावाची पावती नव्हती, म्हणून तो भाडेकरू नव्हता. नकाशात देवडीच्या जागी पार्किंग होते. ते माझ्या नजरेस आले. म्हणजे नजरेआड झाले असे मला म्हणता येणार नाही. बैठक आधीच तीन तास चालली होती, सगळ्यांना घरी जायचे होते. मी सही केली.

लक्ष्मीपूजनाला तो मशीनला हळदकुंकू वाही, कात्रीपुढे पेढा ठेवी आणि तोच पेढा आम्हां मुलांना मिळे. वाडा पाडायच्या आधी त्याने टेम्पो आणला, तेव्हा देवडीतली वीज तोडलेली होती. त्याने मला कंदील धरायला सांगितले. मशीन वर चढेपर्यंत मी तो धरून उभा होतो. "कुठे जाणार?" म्हणून विचारले, तर "मुलाकडे, गावाबाहेर," एवढेच म्हणाला. तिथे कपडे शिवायला कोण येणार, हे मी विचारले नाही.

नव्या इमारतीत ऊन येते, पाणी चोवीस तास आहे. पार्किंगमध्ये रांगोळी काढायची तर आधी गाडी बाहेर काढावी लागते. परवा वसुबारसेला ती काढली, आणि रांगोळी नेमकी त्याचे मशीन असे त्या फरशीवर आली.