सुगंध : शेजारच्या नमाजीचा हक्क



बीड जिल्ह्यात उन्हाळा म्हणजे माणसाच्या संयमाची परीक्षाच. पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि जुम्याच्या नमाजीला येणारा प्रत्येक जण घामाने भिजूनच मस्जिदीच्या पायऱ्या चढतो. पूर्वी या दिवसांत खसाच्या अत्तराचा फाया कानात ठेवला जाई. अलीकडे आपल्या तरुणांच्या हाती काचेच्या देखण्या बाटल्या आल्या आहेत. लिंबू, संत्रे, मोसंबी यांच्या वासाची ती महागडी परदेशी सुगंधद्रव्ये असतात. "मौलाना, हे लावणे योग्य आहे का?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर द्यावे आणि त्यासोबत माझ्या हातून घडलेली एक चूकही आपल्यापुढे मांडावी, यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम उत्तर. सुगंध ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची प्रिय वस्तू होती. कुणी सुगंध भेट दिला तर ते तो कधीही नाकारत नसत, असे हजरत अनस (रजि.) सांगतात (बुखारी). लिंबूवर्गीय फळांचा वासही आपल्याला परका नाही. आपले 'नारिंग' फारसीत 'नारंग' आणि अरबीत 'नारंज' झाले. अरबांसोबत ते फळ आणि तो शब्द स्पेनपर्यंत पोहोचला. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी योहान मारिया फारिना या इटालियन अत्तरकाराने जर्मनीतील कोलोन शहरात अशाच फळांच्या सालींतील तेलांपासून एक सुगंधी द्रव्य तयार केले. त्या शहराचे नाव आजही अशा द्रव्यांना चिकटलेले आहे. उन्हाळ्यात हा वास प्रसन्न वाटतो, कारण तो हलका असतो. मात्र हलका असल्यामुळेच तो लवकर उडूनही जातो. ऊद किंवा कस्तुरी दिवसभर टिकते, लिंबाचा वास तास-दोन तासांत विरतो. यातील काही तेले, विशेषतः बर्गमोट या फळाचे, त्वचेला लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. म्हणून असे द्रव्य कपड्यांवर लावणे बरे.

अल्कोहोलविषयी सांगायचे तर, द्राक्षे किंवा खजूर यांपासून न बनवलेले अल्कोहोल सुगंधद्रव्यात असल्यास ते वापरण्यास समकालीन हनफी उलमांपैकी अनेकांनी परवानगी दिली आहे. ज्याला अधिक सावधगिरी हवी, त्याने तेलाचे अत्तर वापरावे. किमतीविषयीची मर्यादा पवित्र कुरआनने आखून दिली आहे. सूरह अल-आराफच्या 31 व्या आयतीत प्रत्येक नमाजीच्या वेळी शोभा धारण करण्याचा आदेश आहे आणि त्याच आयतीत उधळपट्टीला मनाईही आहे. तेव्हा शोभा ही आज्ञा आहे आणि मर्यादा हीसुद्धा आज्ञाच आहे.

आता माझी चूक.

गतवर्षी मे महिन्यातील एका जुम्याला मी बयानमध्ये स्वच्छतेचा विषय घेतला होता. घामाच्या दुर्गंधीने शेजारच्या नमाजीला त्रास देणे किती वाईट आहे, हे मी आवेशाने सांगितले. समोरच्या सफेत इस्त्रीचे कपडे घातलेली, सुगंध लावलेली मंडळी माना डोलावत होती. शेवटच्या सफेत, चपलांजवळ, बांधकामावरून थेट आलेले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. ऊसतोडीचा हंगाम संपवून ते नुकतेच गावी परतले होते. नमाज उभी राहिली तेव्हा त्यांच्या बाजूचा तरुण थोडा सरकला. मी ते पाहिले आणि विसरलो.

पुढील तीन जुमे ते दिसले नाहीत. जो निष्काळजीपणाने तीन जुमे सोडतो, त्याच्या हृदयावर अल्लाह मोहोर लावतो, अशी कडक ताकीद हदीसमध्ये आली आहे. मी त्यांच्या घरी गेलो, खरे तर त्यांना हीच ताकीद देण्यासाठी.

"चाचा, तब्येत बरी नाही का?" मी विचारले.

ते म्हणाले, "तब्येत बरी आहे मौलानासाहेब. पण आमच्या वस्तीत टँकर आठवड्यातनं एकदा येतो. प्यायचं पाणी अंगावर कसं ओतू? त्या दिवशी तुम्ही बोललात ते मलाच होतं, हे कळलं मला. आपल्यामुळं दुसऱ्याची नमाज कशाला बिघडवायची?"

वाचकहो, माझ्या जिभेवर आलेली ताकीद तिथेच थिजली. या माणसाला अल्लाहच्या घरापासून निष्काळजीपणाने तोडले नव्हते, माझ्या शब्दांनी तोडले होते. कयामतच्या दिवशी त्या तीन जुम्यांचा हिशेब त्यांना विचारला जाईल की मला, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी पुन्हा हदीसचे ग्रंथ उघडले. जुम्याच्या स्नानाचा आदेश मला पाठ होता, परंतु तो कोणत्या परिस्थितीत आला याकडे माझे दुर्लक्ष झाले होते. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की, लोक आपल्या घरांतून आणि मदीनेच्या वरच्या वस्त्यांतून धुळीने माखून, घामाने निथळत येत असत. हजरत इब्ने अब्बास (रजि.) अधिक सांगतात की, ते लोक कष्टकरी होते, लोकरीचे कपडे घालत, पाठीवर ओझी वाहत, मस्जिद लहान होती, छत ठेंगणे होते आणि दिवस उन्हाचा होता (अबू दाऊद). म्हणजे ज्यांच्या घामामुळे स्नानाची आणि सुगंधाची शिकवण आली, ते उम्मतचे सर्वश्रेष्ठ लोक होते! त्यांना कुणी चपलांजवळ बसवले नव्हते. प्रेषितांनी (स.) त्यांना ममतेने सुचवले की, या दिवसासाठी तुम्ही स्वच्छ होऊन आलात तर किती बरे होईल. माझ्या बयानमध्ये आदेश होता, ती ममता नव्हती.

हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या हदीसमध्ये जुम्याचे आदाब एका ओळीने आले आहेत. स्नान करावे, तेल किंवा घरातील सुगंध लावावा, मस्जिदीत दोन माणसांना दूर सारून मध्ये घुसू नये, नेमलेली नमाज पढावी आणि इमाम बोलू लागल्यावर शांत राहावे; अशा माणसाचे त्या जुम्यापासून दुसऱ्या जुम्यापर्यंतचे गुन्हे माफ होतात (बुखारी). सुगंध आणि माणसांना दूर न सारणे या दोन गोष्टी एकाच हदीसमध्ये शेजारी शेजारी आहेत, यावर विचार करा. सुगंध लावायचा तो शेजाऱ्याला आपल्याजवळ उभे राहणे सुखाचे व्हावे म्हणून. जो सुगंध लावून आपण शेजाऱ्यापासून सरकतो, त्याचा हेतूच हरवलेला असतो.

एका सहाबींनी विचारले होते की, माणसाला चांगले कपडे आणि चांगली पादत्राणे आवडतात, हा अहंकार आहे का? प्रेषितांनी (स.) समजावले की, अल्लाह सौंदर्यवान आहे आणि त्याला सौंदर्य आवडते, अहंकार म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे (मुस्लिम). म्हणून बाटली महाग आहे की स्वस्त, एवढ्यावरून निवाडा होत नाही. ती लावल्यावर तुमची नजर कष्टकऱ्याकडे कशी वळते, यावरून होतो. स्वतःच्या हाताने कमावलेल्या अन्नाहून उत्तम अन्न कुणी खाल्ले नाही, हेही प्रेषितांचेच (स.) वचन आहे. तो घाम त्या अन्नाचाच आहे.

लिंबूवर्गीय सुगंधाच्या शौकिनांसाठी हदीसमध्ये एक सुंदर दाखलाही आहे. कुरआन पढणारा ईमानधारक 'उत्रुज्जा'सारखा असतो. उत्रुज्जा म्हणजे आपले महाळुंग, लिंबाच्याच कुळातले फळ. त्याची चवही चांगली आणि वासही चांगला. कुरआन न पढणारा ईमानधारक खजुरासारखा असतो, त्याला वास नाही पण चव गोड. कुरआन पढणारा दांभिक मात्र सुगंधी वनस्पतीसारखा असतो, वास उत्तम आणि चव कडू (बुखारी, मुस्लिम). आपल्या कपड्यांना महाळुंगाचा वास असेल आणि वागणुकीत कडवटपणा असेल, तर आपण यांपैकी कोणत्या गटात बसतो, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे. मी स्वतःला विचारले आणि उत्तर ऐकून मला लाज वाटली.

पुढील जुम्याला मी बयानमध्ये सर्वांसमोर माझी चूक कबूल केली. त्यानंतर काही तरुणांनी मस्जिदीच्या गुसलखान्यात दर शुक्रवारी सकाळी पाण्याच्या टाक्या भरून ठेवण्याची जबाबदारी घेतली. प्रेषित (स.) साधारण एक साअ, म्हणजे तीन-चार लिटर पाण्यात स्नान करत असत; टँकरवर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्याला या सुन्नतची किंमत सर्वांत आधी कळायला हवी. दाराशी अत्तराची एक कुपी आणि कापूस ठेवला गेला. जो येईल त्याला फाया द्यायचा, कपडे पाहायचे नाहीत. देणाऱ्याला तो जड नाही, घेणाऱ्याला त्याचे ओझे नाही.

चाचा आले. कामावरूनच आले, एक बादली पाण्याने अंग धुतले, फाया कानात ठेवला. सफ बांधताना मी मागे वळून पाहिले. मागे सरकलेला तोच तरुण या वेळी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

तेव्हा तरुण मित्रांनो, ऐपत असेल तर चांगला सुगंध अवश्य लावा. परंतु बाटली विकत घेताना तिच्या किमतीचा काही भाग वस्तीतील पाण्यासाठी बाजूला काढा. लिंबाचा वास दुपारपर्यंत उडून जाईल, आपण कुणाला आपल्या शेजारी जागा दिली हे मात्र नोंदले जाईल. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये जन्नतच्या पेयावर कस्तुरीची मोहोर असल्याचा उल्लेख आहे आणि स्पर्धा करायची तर त्यासाठी करावी, अशी प्रेरणाही तिथेच आहे.

हे अल्लाह, आमची शरीरे स्वच्छ ठेव आणि आमच्या जिभांना त्याहून स्वच्छ ठेव. आमच्या शब्दांमुळे तुझ्या घरापासून दुरावलेल्यांना परत आण आणि आम्हाला क्षमा कर. आमीन.